जवारी : तंबोऱ्यातला केसभर फरक

शास्त्रीय गाण्याच्या मैफलीत सगळ्यांचं लक्ष गायकावर असतं. एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, त्यांनाही दाद मिळते. मागे दोन तंबोरे घेऊन शिष्य बसलेले असतात. सुरुवातीपासून भैरवीपर्यंत त्यांची बोटं थांबत नाहीत, पण त्यांच्याकडे पाहून कुणी 'वाहवा' म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र त्या गवयाला विचारा, कालचं गाणं कसं झालं? चांगलं झालं असेल तर पुष्कळदा पहिलं वाक्य येतं, 'काल तंबोरे छान लागले होते.'

हे 'छान लागणं' दोन गोष्टींवर ठरतं. पहिली म्हणजे तारा सुरात मिळणं. दुसरी म्हणजे जवारी. पहिली गोष्ट गायकाच्या हातात असते, दुसरी कारागिराच्या. दोन्हींत फरक इतका बारीक असतो की सवय नसलेल्या कानाला तो आहे हेही कळत नाही. तरी संपूर्ण हिंदुस्थानी गायकी याच फरकावर उभी आहे.

घोडीवरचा उतार

तंबोऱ्याला साधारणपणे चार तारा. पहिली मंद्र पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, त्यांना जोडी म्हणतात, आणि शेवटची खर्जाची. मालकंसासारख्या, पंचम नसलेल्या रागाला पहिली तार मध्यमात मिळवतात. पुरियासारख्या रागाला निषादात. या तारा भोपळ्यावरच्या तबलीवर बसवलेल्या घोडीवरून जातात. व्हायोलिनच्या घोडीचा माथा धारेसारखा बारीक असतो आणि तार त्याला एकाच जागी टेकते. तंबोऱ्याची घोडी दीड-दोन बोटं रुंद असते, आणि तिचा माथा वरून पाहिला तर सपाट वाटतो. तो सपाट नसतो. पुढच्या बाजूला त्याला अगदी हलका, गोलसर उतार दिलेला असतो. तार या उतारावरून हळूहळू सुटत जाते. नेमकी कुठे सुटली हे डोळ्यांना दिसत नाही.

तार छेडली की ती वर-खाली हलते, आणि प्रत्येक वेळी खाली येताना त्या उताराला किंचित घासून जाते. त्यामुळे तारेची हलणारी लांबी दर कंपनात थोडी कमी-जास्त होते. या सततच्या स्पर्शातून तारेची शक्ती मूळ स्वरातून वरच्या स्वरांशांकडे, म्हणजे मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट कंपनांच्या सूक्ष्म स्वरांकडे, वळते. तेही एकदम वळत नाही: छेडल्यानंतर वेगवेगळे स्वरांश क्रमाक्रमाने पुढे येतात. तंबोऱ्याचा आवाज छेडल्यावर उमलल्यासारखा वाटतो, त्यामागे हे कारण आहे.

घोडीचा हा उतार घडवून असा आवाज आणणं म्हणजे जवारी काढणं. या कामातली शेवटची कडी म्हणजे सुताचा दोरा. घोडी आणि तार यांच्यामध्ये तो सरकवतात आणि मागे-पुढे करत राहतात. एका जागी आवाज बोथट असतो, तिथून जरा पुढे नुसती खरखर येते, आणि या दोन्हींच्या मध्ये एक जागा अशी येते की आवाज उघडतो. ही जागा मिलिमीटरच्या काही हिश्श्यांएवढी असते. मैफलीआधी गवई मान खाली घालून तारेखाली बोटाने काहीतरी हलवत बसलेला दिसतो, तेव्हा तो ही जागा शोधत असतो.

चंद्रशेखर वेंकट रामन यांचं या घोडीकडे लक्ष गेलं होतं. नोबेल मिळण्याच्या नऊ वर्षं आधी, 1921 मध्ये, त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. तार बरोबर मधोमध छेडली तर सम क्रमांकाचे स्वरांश निघू नयेत, असा तारांच्या कंपनांचा प्रस्थापित नियम सांगतो. तंबोऱ्यावर ते स्वरांश तरीही निघतात, आणि चांगले ठळक निघतात, हे रामन यांनी दाखवलं. त्याचं कारण त्यांनी घोडीच्या रुंद, गोलसर माथ्यात आणि त्या दोऱ्यात शोधलं. ज्या कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या कानाने हा आकार घडवला, त्यांच्यापर्यंत हा निबंध पोहोचला असण्याची शक्यता कमीच. पण त्यांचं काम किती नेमकं होतं याची ती पक्की पावती आहे.

न छेडलेला गंधार

चांगल्या जवारीचा पुरावा म्हणून गायक एक गोष्ट सांगतात: 'गंधार बोलला पाहिजे.' तंबोऱ्यात गंधाराची तार नसते. तरीही खर्जाच्या तारेतून शुद्ध गंधार ऐकू येतो. त्याचा हिशेब सोपा आहे. खर्ज सेकंदाला 120 कंपनांचा धरला तर त्याचे स्वरांश 240, 360, 480, 600 असे चढत जातात. 240 आणि 480 हे षड्ज, 360 हा पंचम, आणि 600 हा तार सप्तकातला शुद्ध गंधार. यालाच स्वयंभू गंधार म्हणतात. जवारी बंद असेल तर तो दडून राहतो. जवारी खुली असेल तर तो दूरवर ऐकू जातो, आणि गायकाला आपला गंधार कुठे लावायचा ते कळतं.

आता पेटीकडे या. आजची पेटी सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेली असते. षड्ज 240 कंपनांचा असेल तर मध्य सप्तकातला तंबोऱ्याचा गंधार 300 कंपनांचा येतो आणि पेटीचा साधारण 302.4 चा. फरक अडीच कंपनांहूनही कमी. पण हे दोन स्वर एकत्र वाजले की आवाजात सेकंदाला दोन-तीनदा लाट उठते. पंचमात हा फरक अर्ध्या कंपनाच्याही आत आहे, म्हणून तिथे तो सहसा जाणवत नाही. गंधारात जाणवतो, आणि म्हणूनच जुन्या गवयांचा पेटीवरचा राग मुख्यतः या स्वरापाशी येऊन थांबे. 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, ती काही दशकं टिकली. त्या वादात इतरही कारणं होती, पण स्वरांच्या या बारीक जागांचा मुद्दा त्यात महत्त्वाचा होता.

हा गंधार पहिल्यांदा ऐकायचा असेल तर एक साधा उपाय आहे. तंबोरा सुरू ठेवा. शुद्ध गंधार हलक्या आवाजात गुणगुणा आणि थांबा. कानाला आता कुठे लक्ष द्यायचं ते ठाऊक झालेलं असतं, आणि तोच स्वर तंबोऱ्यातून ऐकू येऊ लागतो. तो आधीही तिथेच होता. बारीक फरक सुटतात ते बहुतेक वेळा कान अधू म्हणून सुटत नाहीत. कुठे ऐकायचं हे कुणी दाखवलेलं नसतं म्हणून सुटतात. तंबोऱ्याभोवतीची सगळी परंपरा म्हणजे हे दाखवण्याची व्यवस्था आहे, असं मला वाटतं.

मिरज

या व्यवस्थेचं महाराष्ट्रातलं मोठं घर म्हणजे मिरज. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर, पटवर्धनांच्या संस्थानात, फरीदसाहेब नावाच्या कारागिराने इथे तंतुवाद्यं घडवायला सुरुवात केली असं सांगतात. ही मंडळी शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार आणि झिलई देणारी. हत्यारांचे दिवस सरत चालले तेव्हा त्यांचे हात वाद्यांकडे वळले. धातूच्या पात्यावर कानस किती दाबाने फिरवायची, पृष्ठभाग कुठे उंच राहिला आहे, हे ज्या हातांना कळत होतं त्यांना घोडीचा उतार समजणं स्वाभाविक होतं. त्यांच्या वंशातल्या घराण्यांनी पुढे सतारमेकर हेच आडनाव लावलं. आज मिरजेतल्या सतारमेकर गल्लीत दुकानांपुढे भोपळे वाळत पडलेले दिसतात. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं.

भोपळे येतात ते पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतांतून. हा भोपळा कडू असतो, खाण्यासाठी नसतो. तो वेलावर पूर्ण पिकू देतात, मग वाळवतात, कापून आतला गर काढतात. गळा, दांडी आणि तबलीसाठी मुख्यतः तुणीचं लाकूड वापरतात. सगळं जोडून, रंगवून, नक्षीकाम करून झालं की तंबोरा दिसायला पूर्ण होतो. आवाजाने तो अजून मुका असतो. जवारी काढल्यावरच तो बोलतो.

जवारी शिकाऊ मुलाच्या हाती सहजासहजी देत नाहीत. आधी भोपळा कापणं, घासणं, खुंट्या बसवणं. जवारी सगळ्यांत शेवटी. घोडी पूर्वी हस्तिदंताची किंवा शिंगाची करत, आता हाडाची, शिसवीची किंवा कृत्रिम द्रव्याची करतात. कारागीर तारा ढिल्या करून घोडीच्या माथ्यावरून कानस दोन-चारदा फिरवतो, तार पुन्हा चढवतो, छेडतो, ऐकतो. पुन्हा उतरवतो. चारही तारांची जाडी सारखी नसते: खर्जाची पितळी तार जाड, तिचा झोका मोठा, तिला उतार वेगळा लागतो; जोडीच्या पोलादी तारांना वेगळा. शिवाय चारही तारांचा आवाज एकाच जातीचा वाटायला हवा. एक तार जास्त उघडली तर बाकीच्या तिच्यामागे झाकल्या जातात. कानसेचा एक फेरा जास्त झाला तर तो परत घेता येत नाही. सगळा माथा पुन्हा खाली आणावा लागतो.

गायकाच्या आवडीप्रमाणे जवारी खुली, गोल किंवा बंद ठेवतात. खुलीत झणत्कार जास्त, बंदमध्ये आवाज मिटलेला, गोल या दोहोंमधली. चांगला कारागीर गिऱ्हाइकाला आधी गायला सांगतो, कारण आवाजाचा पोत कळल्याशिवाय कोणती जवारी शोभेल हे ठरवता येत नाही.

हे काम कायमचंही नसतं. तारा रोज घासून घोडीवर बारीक खाचा पडतात. खाच पडली की तारेचा उतारावरचा स्पर्श बदलतो आणि आवाज बसतो. हे इतकं हळूहळू घडतं की रोज वाजवणाऱ्याच्याही लक्षात येत नाही. मग एखाद्या दिवशी जवारी काढून आणल्यावर तोच तंबोरा नवा वाटतो, आणि आपण इतके दिवस काय ऐकत होतो असा प्रश्न पडतो.

मिरजेत हे काम ऐकणारे कानही जवळच होते. गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर इथे राहिले, विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच त्यांच्याकडे शिकले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले. स्वर किती नेमका लागतो यावरच त्यांची सगळी गायकी होती. शेजारच्या सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या स्वरांच्या बारीक जागांची, मोजणी करत होते. 1910 मध्ये त्यांनी बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या प्रयोगांसाठी खाँसाहेबांनी आपला गळा दिला. गायक, कारागीर आणि मोजणारा एकमेकांपासून दहा-बारा किलोमीटरच्या आत असणं, हे या गावाचं खरं भाग्य. खाँसाहेब 1937 मध्ये गेले. मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात त्यांची कबर आहे आणि तिथे दरवर्षी उरुसात गायक हजेरी लावतात.

पेटीतला तंबोरा

1979 च्या सुमारास बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार केला. आता तो मोबाईलमध्येच मिळतो. त्याने मोठं काम केलं आहे. भाड्याच्या खोलीत, परदेशात, प्रवासात रियाज शक्य झाला. परवडत नाही म्हणून तंबोऱ्याशिवाय शिकणारी मुलं आता निदान स्थिर षड्जावर तरी गातात. याबद्दल तक्रार करण्याचं काही कारण नाही.

पण एक गोष्ट त्यात सुटते. यंत्राचा तंबोरा नेहमी लागलेलाच असतो. लाकडाचा तंबोरा पावसाळ्यात, दिव्यांच्या उष्णतेत सुरातून ढळतो. तो लावावा लागतो, आणि शिक्षण त्या लावण्यात असतं. जोडीच्या दोन तारांत एका कंपनाचा फरक असेल तर सेकंदाला एक लाट येते. तारेत ओवलेला मणी सरकवत ती लाट लांबवत न्यायची, इतकी लांबवायची की ती नाहीशी होईल. मग खर्ज, मग पंचम, मग दोरा. जुने गुरू शिष्याला आधी महिनोन्‌महिने तंबोरा लावायला बसवत, तो वेळ वाया जात नसे. गळ्यातून स्वर काढण्याआधी तो कानात उतरत असे.

म्हणूनच घरात आजी-आजोबांचा तंबोरा गवसणीत पडून असेल तर तो बाहेर काढावा. एखाद्या कारागिराकडे, जमलं तर मिरजेला, घेऊन जावा. नुसता ठेवून येऊ नये, जवारी काढताना शेजारी बसावं. कानसेच्या प्रत्येक फेऱ्यानंतर 'आता काय बदललं?' असं विचारावं. तो कारागीर आधीचा आणि नंतरचा आवाज छेडून दाखवील. पहिल्यांदा फरक कळणार नाही, तर पुन्हा विचारावं. चौथ्या-पाचव्या खेपेला तो कळू लागतो, आणि एकदा कळला की पुढच्या प्रत्येक मैफलीत मागे बसलेल्या त्या दोन तंबोऱ्यांकडे कान आपोआप जातो.