बावन्न रात्री गायलेलं गाणं

येवल्यात पैठणीच्या एका दुकानावरच्या माडीवर रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना फोम आणि जुन्या गाद्या, एक एसी, एक संगणक, काचेपलीकडे पंचविशीतला एक पोरगा. भीमगीतांची एक जुनी गायन पार्टी कितीतरी वर्षांनी इथे नवा अल्बम करते आहे असं कळलं, म्हणून मी गेलो. त्यांची शेवटची कॅसेट आमच्या घरी टेप गुंडाळेपर्यंत वाजली होती. पुढे कॅसेटचा जमाना संपला, पेटीवाले वारले, दोघं पोटापाण्यासाठी ठाण्याकडे गेले. पार्टी मोडली असं कुणी म्हणालं नाही, पण गाणं थांबलं.

मुख्य गायकांना सगळे आप्पा म्हणतात. पहिल्याच चहाला ते म्हणाले, ‘‘एका सीझनला बावन्न रात्री गायलोय आम्ही.’’ १४ एप्रिलला सुरुवात, मध्ये बुद्धपौर्णिमा, आणि मृगाचा पाऊस आला की बंद. म्हणजे जेमतेम आठ आठवडे. त्यात बावन्न रात्री! झोपायचं टेम्पोत, गायचं मैदानात, समोर दुसरी पार्टी बसलेली असली तर सामना पहाटेपर्यंत.

या मुलखाला हे नवं नाही. याच जिल्ह्यातल्या भीमराव कर्डकांचा जलसा १९३०च्या दशकात गावोगाव फिरला. सिन्नरजवळच्या देशवंडीच्या वामनदादांनी हयातभर गाणी लिहिली आणि ती चालता-फिरता माणसांना देऊन टाकली. आणि येवला तर येवलाच. १३ ऑक्टोबर १९३५ला बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली ती इथे. आप्पांच्या अल्बमचं पहिलं गाणं त्याच दिवसाचं आहे.

पण मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो ते ढोलकवाल्या मामांकडे. खोलीत शिरताच वास येतो तो त्यांच्या ढोलकचा. डाव्या तोंडाला आतून लावलेल्या मसाल्याचा, तेलकट, डांबरासारखा. मैदानात तो कुणाला जाणवत नसेल. बंद खोलीत तो सगळ्यांच्या अंगावर येतो. आप्पा पूर्वी काळी चारमध्ये गायचे, आता पांढरी चारवर उतरलेत. ढोलकही तेवढा उतरवावा लागतो, आणि उतरवला की पान सैल पडतं, थाप बसकी येते. मामा दोरीतल्या कड्या सरकवतात, कान लावतात, पुन्हा सरकवतात. वर एसीच्या कोरड्या हवेत चामडं ताणतं आणि अर्ध्या तासात सूर चढतो. ‘‘पोरा, ती मशीन बंद कर,’’ मामा सांगतात. पोरगा एसी बंद करतो, सगळ्यांना घाम फुटतो, आणि ढोलक जागेवर येतो.

कॅसेटच्या दिवसांत सगळी पार्टी दोन माइकभोवती बसायची आणि गाणं एका दमात व्हायचं. कुणी चुकलं की पहिल्यापासून. आता आधी क्लिक, म्हणजे कानात लयीची टकटक, त्यावर आप्पांचा कच्चा आवाज, मग ढोलक, बेंजो, खंजिरी, मग कोरस, शेवटी आप्पांचं डबिंग. कोरसचे चौघं तीनदा गातात म्हणजे बारा जण वाटतात. शेजारच्या घरातला हातमाग दिवसभर ठोकत असतो आणि माइक ते ऐकतो, म्हणून महत्त्वाचं काम रात्री.

अडलं ते पहिल्याच गाण्यात. घोषणेचा अंतरा येतो तिथे आप्पा थांबतात. त्या थांबण्यात मैदान ‘जयभीम’ म्हणायचं, आणि तो आवाज ओसरला की मामांची उठावणी पडायची. क्लिक मात्र थांबत नाही. आप्पा ओळ धरून ठेवत, कानातला टकटक आवाज पुढे निघून जाई, मामा दोघांच्या मध्ये सापडत. पोरग्याने तोडगा काढला: थांबा तिथे चार मात्रा रिकाम्या सोडू. आप्पांनी मोजून चार मात्रा सोडल्या. बिनचूक झालं, आणि गाण्यातलं मैदान निघून गेलं.

सूर मशीनवर सरळ करता येतो, हे मला पटतं. साठी ओलांडलेल्या गळ्याला तेवढी मदत मिळाली तर बिघडलं कुठे? पण झीलकरी, म्हणजे कोरस, आणि मुख्य गायक वेगवेगळ्या दिवशी गायले तर झील कुणाला द्यायची?

जुन्या बँडनी परत यायची रीत जगात आहे. न्यू वेव्हच्या काळातल्या ‘ब्लाँडी’चा १९८२नंतरचा अल्बम थेट १९९९ला आला, ‘नो एक्झिट’. आपल्या मुंबईच्या ‘इंडस क्रीड’ने १९९५नंतर २०१२ला ‘इव्हॉल्व्ह’ काढला. दोन्हीकडे सतरा वर्षं. मात्र ते बँड स्टुडिओच्या कामात मुरलेले होते. या पार्टीचं गाणं बावन्न रात्रींच्या गर्दीत घडलं, आणि त्या गर्दीला या माडीवर जागा नाही.

रात्री उशिरा मामांनी कानावरचा हेडफोन काढून ढोलकवर ठेवला. ‘‘आपलं गाणं टकटकीवर कधी नव्हतं. सगळ्यांना आत घे, एकदा गाऊ दे. तुला नाही आवडलं तर पुसून टाक.’’ पोरगा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने माइक मधोमध आणले, बेंजो कोपऱ्यात बसवला, कोरस आप्पांच्या पाठीशी उभा केला. ढोलकचा आवाज सगळ्यांच्या माइकमध्ये शिरणार, नंतर वेगळा काढता येणार नाही, हे त्याने स्पष्ट सांगितलं. मामा म्हणाले, ‘‘वेगळा काढायचाय कुणाला?’’

गाणं पावणेआठ मिनिटं चाललं. थांब्यावर कोरसच्या चौघांनी न सांगता ‘जयभीम’ म्हटलं, मी आणि चहा घेऊन आलेला मुलगाही ओरडलो, आणि मामांची उठावणी पडली. दुसऱ्या अंतऱ्यात आप्पांचा सूर एका जागी घसरला. पोरग्याने तो तसाच ठेवला.

वाद नंतर लांबीवरून झाला. पोरग्याचं म्हणणं, मोबाइलवर लोक चार मिनिटांपुढे ऐकत नाहीत, दोन अंतरे काढा. आप्पा म्हणाले, ‘‘बावन्न रात्री कुणी उठून गेलं नाही.’’ शेवटी ठरलं की मोबाइलसाठी लहान, आणि १३ ऑक्टोबरला घोषणेच्या जागी, मुक्तिभूमीच्या स्टॉलवर पेन ड्राइव्हमध्ये पूर्ण. ठरलेल्या आठ गाण्यांपुरती वर्गणी जमलेली नाही, पाचच होतील. एकेक ट्रॅक करण्यापेक्षा सगळे एकत्र गायले तर वेळ निम्मा लागतो आणि भाडंही, हे कोरसमधल्या एकाने कागदावर मांडून दाखवलं, तेव्हा पोरगाही तयार झाला. उरलेली गाणी क्लिकशिवायच होणार आहेत. मामांनी फक्त एक अट घातली: एसी आधीच बंद हवा.