पाणी येतं कुठून?

घराचे छप्पर गळते तेव्हा काय होते, ते तुम्ही पाहिलेच असेल. थेंब पडतो चुलीवर. आपण चुलीच्या वरचे कौल बदलतो. तरी थेंब पडतोच! मग कळते, की फुटके कौल चार हात वर आहे. पाणी वाशावरून घरंगळत आले आणि चुलीवर टपकले.

लाकडी होडीचेही असेच असते. फरक एवढाच, की छप्पर गळले तर अंथरूण भिजते. भर समुद्रात होडी गळू लागली तर जिवावर बेतते.

होडी एका लाकडाची नसते. आत बाकदार लाकडे असतात, जशा आपल्या छातीच्या फासळ्या. त्यांवर बाहेरून फळ्या ठोकतात. दोन फळ्यांच्या सांध्यात कापूस ठासून भरतात आणि वर तेल-राळ लावतात. म्हणजे एका होडीला किती सांधे आणि किती खिळे, विचार करा. त्यांतला एक सैल झाला तरी पाण्याला वाट मिळते.

लहान भोक म्हणून हसू नका. पाण्याखाली एक मीटरवर अडीच सेंटिमीटर रुंदीचे भोक पडले, तर मिनिटाला सुमारे ७५ लिटर पाणी आत येते. चार-पाच घागरी झाल्या! दोन माणसे बालदीने उपसतील, पण किती वेळ?

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. नारळीपौर्णिमेच्या सुमारास त्या पुन्हा पाण्यात जातात. लाकूड सुकलेले असले, तर पहिले दोन-तीन दिवस थोडे पाणी येते. त्याला घाबरायचे नाही. लाकूड पाणी पिऊन फुगते आणि सांधे आपोआप मिटतात. अशा वेळी घाईने सांध्यात कापूस कोंबू नये. फळ्या फुगल्या की जागा पुरत नाही आणि त्या एकमेकींना ढकलून उसवतात.

पण आठ-पंधरा दिवस झाले तरी पाणी येतच राहिले, तर शोध घ्यायलाच हवा.

कोकणच्या किनाऱ्यावर मालाची गलबते शिडांवर चालत होती, त्या काळातले एक गलबत डोळ्यांसमोर आणा. ते मंगळुरी कौले भरून उत्तरेला मुंबईकडे जायचे आणि जवळजवळ रिकामे परत यायचे. जाताना मागच्या बाजूला, सुकाणूपाशी, तळात पाणी साचायचे. येताना तळ कोरडा.

तांडेल म्हणाला, "सुकाणूपाशीच सांधा सुटलाय. दुसरं काय असणार?" तिथे कापूस ठासला. पुढच्या फेरीला पुन्हा पाणी. पुन्हा ठासला. तीन वेळा ठासला! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

शेवटी म्हाताऱ्या मेस्त्रीला बोलावले. त्याने हातोडीला हातच लावला नाही. तळातले पाणी बोटाने चाखले.

"हे काय, मेस्त्री?" पोरसवदा खलाशाने विचारले.

"अरे, पिण्याचं पिंप गळत असेल तर पाणी गोडं लागेल. वरून पावसाचं येत असेल तरी गोडंच. हे खारं आहे. समुद्राचंच."

(गलबतात मीठ भरले असेल तर मात्र ही परीक्षा फसते. मग गोडे पाणीही खारे लागते.)

मग भरतीच्या वेळी गलबत वाळूवर घेतले. ओहोटीला पाणी हटले आणि गलबत उघडे पडले. मेस्त्रीने तळात पाच-सहा घागरी पाणी ओतायला लावले आणि बाहेरून वाकून सगळा तळ पाहिला. आतले पाणी बाहेर कुठे झिरपते का? एक थेंबही नाही. म्हणजे तळ शाबूत होता आणि सुकाणूपाशीही काही बिघाड नव्हता.

तांडेल चक्रावला. "मग पाणी येतं कुठून?"

खलाशी म्हणाला, "काका, जातानाच का येतं? येताना का नाही?"

खरा प्रश्न हाच होता. जाताना दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, गलबत भरलेले असायचे, म्हणून पाण्यात खोल बसायचे. दुसरी, वाऱ्याची. वायव्येचा वारा डावीकडून शिडाला रेटायचा आणि गलबत उजवीकडे कलायचे. येताना वारा मागून, म्हणून ते सरळ चालायचे. आता दोष ओझ्याचा की कलण्याचा?

दोन्ही गोष्टी एकदम पाहिल्या असत्या तर काहीच कळले नसते. मेस्त्रीने आधी पूर्ण भरलेले गलबत खाडीत, शांत पाण्यात, रात्रभर उभे ठेवले. सकाळी तळ कोरडा! ओझे सुटले. मग थोडा थोडा माल उजवीकडे सरकवून गलबत जरा कलवले. घटकाभरात सुकाणूपाशी पाणी दिसू लागले.

म्हणजे भोक उजव्या अंगाला होते, आणि होते वर. गलबत सरळ असले की ते पाण्याच्या वर राही. कलले की बुडे. यात मोठा धोका असतो. आत आलेले पाणी कललेल्या बाजूलाच धावते. त्याच्या भाराने होडी आणखी कलते, भोक आणखी खोल जाते आणि पाणी आणखी जोराने येते. माल भिजला एवढ्यावर निभावले, हे त्या तांडेलाचे नशीब.

आता नेमकी जागा. मेस्त्रीने चिकणमाती मागवली. शेतात बांध घालतो तसे त्याने उजव्या अंगाला, आतल्या बाजूने, मातीचे दोन बांध घातले. पुढचा, मधला आणि मागचा असे तीन वाफे झाले. कापडाने सगळे कोरडे पुसले, वर कोरडी राख भुरभुरली आणि गलबत पुन्हा कलवले. सगळे मागच्या वाफ्याकडे डोळे लावून बसले. तो कोरडाच राहिला. राख काळी पडली ती पुढच्या वाफ्यात!

तिथली आतली फळी उघडली. एका लोखंडी खिळ्याभोवती तांबूस ओघळ होता. खिळा गंजून सुतळीएवढा उरला होता. त्याच्या कडेने पाणी आत शिरायचे, आतल्या फळीच्या मागून लपतछपत जायचे आणि मागचा भाग सखल म्हणून तिथे गोळा व्हायचे. बाहेरून भोक दिसत नव्हते, कारण वर तेल-राळेचा थर बसला होता.

मेस्त्रीने खिळा उपटला. भोकात लाकडाची मेख ठोकली. शेजारी नवा खिळा मारला आणि त्याच्या माथ्याखाली कापसाचा पिळा गुंडाळला. मग त्या रांगेतले सगळे खिळे एक एक वाजवून पाहिले. आणखी चार मऊ निघाले. तेही बदलले.

"झालं ना, मेस्त्री?" तांडेलाने विचारले.

"हे झालं. आता सुकाणूपाशी जाऊ. तिथं चांगल्या सांध्यात तुम्ही तीनदा कापूस ठासलाय. फळ्या फाकायला लागल्यात. तो सगळा काढायचा आहे, आणि त्याला माझे दोन दिवस जातील."