मुलीचे बीजगणित आणि आपले वाणसामान

मुलगी सातवी-आठवीत गेली, की तिच्या वहीत आकड्यांच्या जोडीला अक्षरे येऊन बसतात. ती विचारायला आली, की आपल्यापैकी कितीजणी चटकन म्हणतात, ‘‘मला बाई नाही येत गणित, बाबांना विचार!’’ ह्यावरून तिने काय समजायचे? गणित बायकांचे नव्हे, हेच ना? म्हणून मैत्रिणींनो, पोळ्या लाटता लाटता एवढे ऐकाच.

समजा, खामगावच्या बाजारातून तुम्ही ३ किलो तूरडाळ आणली, रिक्षाला २० रुपये दिले. पुढच्या आठवड्यात त्याच भावाने २ किलो डाळ, रिक्षाला १५ रुपये. डाळीचा भाव विसरलात? त्याला ‘क्ष’ म्हणा. खर्च झाला ३क्ष + २० + २क्ष + १५. आता डाळीचे डाळीत, रिक्षाचे रिक्षात: ५क्ष + ३५. झाले! पुस्तकात ह्यालाच सजातीय पदांची बेरीज म्हणतात.

मुले घसरतात ती इथे. पाच आणि पस्तीस मिळवून ४०क्ष लिहून मोकळी होतात. रागावू नका, ताळा करायला लावा. भाव १०० रुपये धरा. खरा खर्च ५३५ रुपये. ४०क्ष म्हणजे चक्क ४,००० रुपये! चूक आपोआप दिसते. एक मात्र सांभाळा. क्ष म्हणजे डाळ नव्हे; एका किलोचा भाव, म्हणजे एक संख्याच.

क्ष आणि क्षचा वर्ग हेही एकत्र होत नाहीत. वाळवणाच्या दोरीची लांबी मीटरमध्ये, अंगण चौरस मीटरमध्ये. त्यांची बेरीज कोण करील?

ही रीत आपल्याकडे जुनीच हं! भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात अज्ञात संख्यांना ‘यावत्तावत्’ आणि मग काळा, निळा, पिवळा अशी रंगांची नावे दिली. एका जातीची पदे मिळवा, निराळ्या जातीची निराळी ठेवा, हेही सांगितले. त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी नातू चांगदेव ह्याने मठ काढला. त्याचा शिलालेख बुलढाणेकरांच्या शेजारच्याच जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळ पाटण इथे सापडला.

तेव्हा ह्या महिन्याची वाण्याची यादी लेकीलाच लिहायला द्या. डाळीच्या भावाला क्ष, गुळाच्या भावाला य. ४ किलो डाळ, २ किलो गूळ, आणि १ किलो डाळ परत केली तर? ४क्ष + २य − क्ष, म्हणजे ३क्ष + २य. उत्तर तिला काढू द्या. ताळा तुम्ही करा.