गुणतक्त्याबाहेरचा मध्यरक्षक

कबड्डीत सात जणांच्या बचावफळीत मध्यरक्षकाइतकी कामाची आणि मध्यरक्षकाइतकी दुर्लक्षित जागा दुसरी नाही. वर्तमानपत्रांच्या क्रीडापानावर तो 'मध्यरक्षक' असतो. ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या खाचरात आखलेल्या मैदानावर सगळे त्याला 'कव्हर' म्हणतात. डावा कव्हर आणि उजवा कव्हर असे दोघे असतात. त्यांच्या बाहेरच्या बाजूला, दोन्ही टोकांना कोपरारक्षक उभे असतात. प्रेक्षकांना आठवतो तो कोपरारक्षक, कारण रेडरचा घोटा तोच धरतो, मातीत तोच लोळतो आणि उठून मांडीवर थापही तोच मारतो. कव्हर त्या वेळी अंगावरची माती झटकत आपल्या जागेवर परतलेला असतो.

पकड नेमकी कशी होते, हे पाहिल्याशिवाय कव्हरचे मोल कळत नाही. मध्य रेषेपासून निदान रेषा पावणेचार मीटरवर आणि अंतिम रेषा साडेसहा मीटरवर असते. चढाईचा वेळ तीस सेकंद. रेडर कोपऱ्याकडे पाय टाकतो, त्या क्षणी कोपरारक्षक घोट्याला हात घालतो. जोरदार रेडरच्या बाबतीत एकट्याची घोटापकड म्हणजे निम्मेच काम. रेडर अंग फिरवतो, मोकळा पाय रोवतो आणि मध्य रेषेकडे झेप घेतो. एक ताणलेला हात रेषेला टेकला की सगळे मुसळ केरात. या झेपेच्या वाटेत आडवे येणे हे कव्हरचे काम. समोरून छातीने अडवले तर ब्लॉक, बाजूने धडक देऊन राखीव क्षेत्राच्या बाहेर काढले तर डॅश. दोन्हींसाठी हाताशी वेळ असतो तो जेमतेम सेकंदाचा.

अवघड असते ती वेळ साधणे. कव्हर घाईने पुढे सरकला तर रेडर कोपरा सोडून त्यालाच स्पर्श करतो आणि एकाच चढाईत दोघांना बाद करून परततो. उशीर झाला तर कोपरारक्षकाच्या हातात नुसता घोटा उरतो आणि क्षणात तोही निसटतो. म्हणून कोपरारक्षक पकडीला हात घालतो तो शेजारच्यावर भिस्त ठेवून. मागून धडक येणार नाही असे वाटले तर शहाणा कोपरारक्षक हात घालतच नाही. चांगल्या कोपऱ्याच्या धाडसाचे अर्धे श्रेय त्यामुळे कव्हरकडे जाते.

हिशेबात मात्र ते जात नाही. प्रो कबड्डी लीगच्या आकडेवारीत यशस्वी पकडीचा गुण एकाच खेळाडूच्या नावावर जमा होतो आणि बहुतेक वेळा तो पकडीला सुरुवात करणाऱ्याचा असतो. पकड फसली की न्याय उलटा फिरतो. रेडर सुटून मध्य रेषेला टेकला, तर झटापटीत त्याच्या अंगाला लागलेले सगळे बचावपटू बाद होतात आणि प्रत्येकामागे प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. म्हणजे मदतीला धावलेल्या कव्हरच्या नावावर पकड यशस्वी झाली तर शून्य आणि फसली तर बाद. फक्त स्वतःच्या आकड्यांची काळजी करणारा खेळाडू या हिशेबाने कधीच मदतीला जाणार नाही. तरीही जो जातो त्याची किंमत तक्त्यावरून काढणे हा शुद्ध आळशीपणा आहे.

दुसरे काम तर तक्त्यात शिरतच नाही. रेडर आला, डावीकडे डोकावला, उजवीकडे सरकला, वाट मिळाली नाही म्हणून परत गेला, की ती चढाई रिकामी. कुणालाच गुण नाही. प्रो कबड्डीच्या नियमानुसार संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी 'करो या मरो' ठरते: गुण आणा, नाहीतर बाद व्हा. तिसऱ्या चढाईत हताश होऊन घुसलेला रेडर सापडतो आणि टाळ्या पकडणाऱ्याला मिळतात. त्याआधीच्या दोन चढायांत पाऊलभर पुढे-मागे होत वाट बुजवून ठेवणारा कोण होता, हे कुणी विचारत नाही.

बास्केटबॉलमध्ये हाच प्रश्न फार आधी उभा राहिला. बोस्टन सेल्टिक्सचा बिल रसेल १९५६ ते १९६९ या तेरा मोसमांत अकरा वेळा विजेता ठरला, तोही मुख्यतः बचावाच्या जोरावर. पण अमेरिकेतल्या एनबीए लीगने अडवलेले फटके आणि हिसकावलेले चेंडू मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या मोसमात, म्हणजे रसेल निवृत्त झाल्यावर. त्याच्या सर्वांत मोठ्या कौशल्याची अधिकृत नोंद त्यामुळे कुठेच नाही. रसेल निदान गाजला तरी. शेन बॅटिए ह्यूस्टन रॉकेट्समध्ये असताना गुण, झेल, पास अशा सगळ्या रकान्यांत मामुलीच दिसायचा. मायकेल लुइस या लेखकाने २००९ मध्ये त्याच्यावर लिहिलेल्या दीर्घ लेखाचा गाभा असा होता की बॅटिए मैदानावर असताना त्याचा संघ सुधारतो आणि समोरचा बिघडतो. कोबी ब्रायंटसारख्या नामांकित नेमबाजासमोर तो चेंडू अडवायच्या मागे न लागता त्याच्या डोळ्यांपुढे हात धरायचा आणि त्याला जिथून नेम कमी लागतो त्या जागी ढकलत न्यायचा. पुढे २०१२ आणि २०१३ मध्ये मायामी हीटकडून बॅटिए विजेताही झाला. कव्हरचे काम याच जातीचे आहे. रेडरला नको त्या बाजूला वळवणे ही त्याची खरी पकड.

मराठी प्रेक्षकांसमोर याचा सर्वांत ठळक पुरावा २०१५ मध्ये आला. प्रो कबड्डीच्या दुसऱ्या मोसमात सर्वोत्तम चढाईपटू ठरला सांगलीचा काशिलिंग आडके आणि सर्वोत्तम बचावपटू रविंदर पहल. दोघेही दबंग दिल्लीचे. एकाच संघात मोसमाचा पहिल्या क्रमांकाचा रेडर आणि पहिल्या क्रमांकाचा बचावपटू असूनही दिल्ली उपांत्य फेरीपर्यंतसुद्धा पोहोचली नाही. सर्वांत मौल्यवान खेळाडूचा मान मिळाला बेंगळुरू बुल्सच्या मनजीत छिल्लरला. तिन्ही मोठे मान बाहेर गेले आणि करंडक मात्र यू मुंबाकडे आला.

त्या यू मुंबाकडे कर्णधार अनुप कुमार होता, शब्बीर बापू होता, रिशांक देवाडिगा होता. लोकांच्या आठवणीत तेच राहिले. पण संघ उभा होता तो मागच्या चौघांवर: डाव्या कोपऱ्यात सुरेंदर नाडा, उजव्या कोपऱ्यात मोहित छिल्लर, डावा कव्हर तमिळनाडूचा जीवा कुमार आणि उजवा कव्हर मुंबईचा विशाल माने. पहिल्या मोसमात हीच चौकडी अंतिम सामना जयपूर पिंक पँथर्सविरुद्ध २४-३५ असा हरली होती. दुसऱ्या वर्षी ती तशीच कायम ठेवली गेली आणि यू मुंबाच्या व्यवस्थापनाने घेतलेला हा सर्वांत शहाणपणाचा निर्णय म्हणावा लागेल. उपांत्य सामन्यात पाटणा पायरेट्सचा ३५-१८ असा फडशा पडला. चाळीस मिनिटांत समोरच्याला अवघे अठरा गुण! २३ ऑगस्ट २०१५ रोजी वरळीत अंतिम सामन्यात बेंगळुरू बुल्स ३६-३० ने हरले.

या चौघांत विशाल मानेची गोष्ट सर्वांत बोलकी आहे. तो धिप्पाड, चाल फार चपळ नाही, उड्या नाहीत, आरडाओरडा नाही. मोहित छिल्लर पायाला बिलगला की मानेचे वजन रेडरच्या वाटेत येऊन पडायचे. दुसऱ्या बाजूला नाडाची घोटापकड आणि जीवा कुमारचा ब्लॉक अशी जोडी. कोपरे आणि कव्हर यांच्यातला समज इतका मुरला होता की अनुपला संथ खेळ परवडत असे. आघाडी घ्यायची, रिकाम्या चढाया करायच्या, घड्याळ पळू द्यायचे आणि समोरच्याला तिसऱ्या चढाईच्या कोंडीत आणायचे. हे डावपेच अनुपच्या डोक्यातले म्हणून नावाजले गेले. पण मागची भिंत पक्की नसती तर संथ खेळ म्हणजे आत्मघात ठरला असता.

चौकडी मोडल्यावर काय होते, याचा प्रयोग लीगने स्वतःच करून दाखवला. तिसऱ्या मोसमात, मार्च २०१६ मध्ये, यू मुंबा पुन्हा अंतिम फेरीत होते आणि पाटण्याकडून २८-३१ असे निसटते हरले. चौथ्या मोसमाआधी नाडा आणि छिल्लर दोघेही बेंगळुरूला गेले. अनुप यू मुंबातच, जीवा कुमार यू मुंबातच, शिवाय राकेश कुमारसारखा मुरलेला खेळाडू होता. तरीही संघ पहिल्यांदाच उपांत्य फेरीबाहेर राहिला. गंमत पुढची आहे. देशातली सर्वांत नावाजलेली कोपऱ्यांची जोडी आयती मिळूनही बेंगळुरूसुद्धा त्या मोसमात उपांत्य फेरी गाठू शकले नाही. कोपरे एका गावात, कव्हर दुसऱ्या गावात, आणि दोन्ही घरे बसली. एवढ्या एका मोसमावरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे. पण तक्त्यावर श्रद्धा असलेल्यांनी याचे उत्तर द्यायला हवे.

मानेचा पुढचा प्रवास हे त्याहून मोठे उत्तर आहे. २०१७ मध्ये तो पाटणा पायरेट्सकडे होता. प्रदीप नरवालने त्या मोसमात चढाईचे ३६९ गुण कमावले आणि अंतिम सामन्यात गुजरातविरुद्ध एकट्याने १९. पाटणा ५५-३८ ने जिंकले आणि मोसम अर्थातच प्रदीपच्या नावाने ओळखला जातो. बचावात माने होता, त्याच्या जोडीला महाराष्ट्राचाच सचिन शिंगाडे होता. २०१९ मध्ये माने दबंग दिल्लीकडून अंतिम फेरीत उतरला. पहिल्या सात मोसमांत तीन वेगवेगळ्या संघांकडून पाच अंतिम फेऱ्या आणि दोन विजेतेपदे. एकदा घडले तर योगायोग म्हणावे. तीन संघांत घडले की त्याला खेळाडूचा गुण म्हणणे भाग आहे.

१९ ऑक्टोबर २०१९ च्या अहमदाबादच्या त्या सामन्यात दिल्ली बंगाल वॉरियर्सकडून ३४-३९ अशी हरली. बंगालच्या बचावात उभा होता जीवा कुमार, मानेचा जुना जोडीदार. पुढे फेब्रुवारी २०२२ मध्ये दिल्लीने पाटण्याला ३७-३६ असे एका गुणाने हरवून पहिला करंडक जिंकला, तेव्हा त्या दिल्लीच्या संघातही जीवा कुमार होता. यू मुंबा, बंगाल, दिल्ली अशी त्याची तीन विजेतेपदे. लीगच्या पोस्टरवर यापैकी कुठल्याही वर्षी त्याचा चेहरा मोठा नव्हता.

शहापूर-मुरबाडच्या स्पर्धांत कव्हरची ही किंमत न बोलता मान्य असते, आणि त्याला कारण आहे. भातकापणी झाली की खाचर सपाट करून, पाणी मारून मैदान तयार होते. रात्री दिव्यांच्या उजेडात सामने चालतात. गावच्या संघात एक-दोघे रेडर, बाकी सगळे बचावाचे. ही पोरे एकाच शाळेत शिकलेली, एकाच बांधावरून येणारी-जाणारी. शेजारच्याचा हात कधी सुटणार आणि कधी सुटणार नाही हे त्यांना वर्षानुवर्षे ठाऊक असते. लिलावातून जमवलेल्या संघाला हा समज दोन-तीन मोसम एकत्र ठेवूनच मिळवावा लागतो, आणि लीगमध्ये तेवढी सवड क्वचितच मिळते.

अडचण येते ती गाव सोडल्यावर. आसनगावहून लोकल पकडून, किंवा मुरबाडला रेल्वे नाही म्हणून एसटीने कल्याण गाठून निवड चाचणीला गेलेला पोरगा तिथे अनोळखी सहा जणांत उभा केला जातो. रेडर दोन चढायांत स्वतःला दाखवू शकतो. कोपरारक्षक एका घोटापकडीत. कव्हरला मात्र आधी कोपरा ओळखीचा लागतो. दहा-पंधरा मिनिटांच्या चाचणीत तो निव्वळ उभा राहिल्यासारखा दिसतो. निवड समित्यांनी कव्हरची चाचणी त्याच्या गावच्या कोपरारक्षकासह घ्यायला काहीच हरकत नाही. खर्च एका जादा तिकिटाचा.

ठाणे जिल्ह्याचा या काळातला सर्वांत ठाऊक असलेला बचावपटू गिरीश इरनाक हाही डावा कोपरारक्षकच. रिशांक देवाडिगाच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्राने जानेवारी २०१८ मध्ये हैदराबादला सेनादलाला ३४-२९ असे हरवून अकरा वर्षांनी वरिष्ठ गटाचे राष्ट्रीय विजेतेपद परत आणले. त्या संघात इरनाक होता. कर्णधार रेडर, आघाडीचा बचावपटू कोपऱ्याचा, ही वाटणी राज्य संघातही तशीच.

पैशाचा ओघही त्याच दिशेने आहे. बचावपटूवर कोटीची बोली लागते ती बहुतेक वेळा कोपऱ्यावर. २०१८ मध्ये यू मुंबाने फझल अत्राचलीसाठी एक कोटी मोजले, तो डावा कोपरा. २०२३ च्या लिलावात पुणेरी पलटणने मोहम्मदरझा शादलूसाठी २ कोटी ३५ लाख मोजले, तोही मुख्यतः डावा कोपरा. शादलूने त्या मोसमात सर्वाधिक पकडी करून पैसे वसूल करून दिले, यात वाद नाही. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिला करंडक उचलला. अंतिम सामन्यात दोन्ही संघांचे मिळून ५३ गुण, म्हणजे सामना सरळसरळ बचावाचा होता. पलटणच्या त्या मोसमातल्या बचावात कव्हरच्या जागा सांभाळणारे दोघे होते महाराष्ट्राचा संकेत सावंत आणि तमिळनाडूचा अबिनेश नादराजन.