खफजीतल्या अशिलाचा वकील

सौदी अरेबियाच्या ईशान्य टोकाला, कुवेतच्या सीमेपासून अगदी जवळ, आखाताच्या किनाऱ्यावर अल खफजी हे शहर आहे. ते वसलं तेलामुळे आणि टिकलं करारांमुळे. १९२२ च्या उकैर करारात सौदी आणि कुवेत यांच्यामधला वाळूचा एक पट्टा दोघांच्या सामायिक मालकीचा ठरला. पुढे जमीन वाटून घेतली, तेल मात्र सामायिकच राहिलं. तारो यामाशिता यांच्या जपानी अरेबियन ऑइल कंपनीने १९५७-५८ मध्ये दोन्ही देशांकडून परवाने मिळवले आणि १९६० मध्ये खफजीसमोरच्या समुद्रात तेल लागलं. सौदी बाजूचा परवाना २००० साली संपला. आज हा कारभार ‘अल खफजी जॉइंट ऑपरेशन्स’ या सौदी-कुवेती संयुक्त उपक्रमाकडे आहे. १९९१ च्या जानेवारीअखेर इराकी फौजा शहरात घुसल्या आणि तीन दिवसांच्या लढाईनंतर हुसकावल्या गेल्या. २०१४ च्या ऑक्टोबरात खफजीच्या तेलक्षेत्रातलं उत्पादन थांबलं, ते २०२० पर्यंत सुरू झालं नाही.

या प्रत्येक वळणावर मोठ्या पक्षांच्या बाजूने कसलेले वकील होते. सरकारं, कंपन्या, विमा कंपन्या, सगळ्यांचे कागद त्यांनी डोळ्यांत तेल घालून तपासले. याच शहरात सर्वांत लहान करार असतो तो वेल्डरचा, रिगरचा, स्कॅफोल्डरचा. रत्नागिरी-रायगडातून किंवा मुंबईच्या उपनगरातून एजंटामार्फत तिथे गेलेल्या माणसाने त्यावर सही केलेली असते, आणि त्या वेळी त्याच्या शेजारी वकील बसलेला नसतो. वकिली पेशाची खरी परीक्षा या लहान करारापाशी होते.

सनद कोणाला मिळते

सौदीतला वकिलीचा कायदा २००१ चा. त्याआधीही वकील होते. पण परवाना, शिस्त आणि जबाबदारी यांची सलग चौकट या कायद्याने आली. वकील होण्यासाठी शरिया किंवा कायद्याची पदवी लागते आणि साधारण तीन वर्षांचा अनुभव लागतो. उच्च शिक्षण असेल तर ही मुदत कमी होते. परवाना न्याय मंत्रालय देतं. वकिलांची स्वतःची संस्था, सौदी बार असोसिएशन, २०१५ मध्ये स्थापन झाली. भारतीय सनद घेतलेला मराठी वकील तिथल्या कोर्टात उभा राहू शकत नाही. तिथलं कामकाज अरबीत चालतं, आणि करार दोन भाषांत असला तरी वाद झाल्यास अरबी मजकूरच ग्राह्य धरला जातो.

त्याच कायद्यात एक वाट मोकळी ठेवली आहे. वकील नसलेला माणूसही मुखत्यारपत्रावर मोजक्या प्रकरणांत, जास्तीत जास्त तीन अशिलांसाठी, उभा राहू शकतो. जवळच्या नातेवाइकांना तर ही मर्यादा नाही. आखातात वर्षानुवर्षं राहिलेले, अरबी सफाईने बोलणारे भारतीय कामगारांच्या मदतीला धावतात, त्याला अशी कायद्याची जागा आहे. पण चांगुलपणा म्हणजे कायद्याचं ज्ञान नव्हे. समजूत घालून मिटणारं प्रकरण असा माणूस मिटवू शकतो. दावा कशावर टिकेल हे सांगायला वकीलच लागतो.

दुभाष्या झालेला बॅरिस्टर

परक्या मुलखात परक्या भाषेत कोर्टाची पायरी चढणारा भारतीय अशील ही काही आजची गोष्ट नाही. १८९३ मध्ये दादा अब्दुल्ला यांच्या पेढीने एका तरुण बॅरिस्टरला वर्षभरासाठी दक्षिण आफ्रिकेत बोलावलं. मेहनताना ठरला १०५ पौंड आणि जाण्या-येण्याचं पहिल्या वर्गाचं भाडं. काम होतं गुजराती हिशेबवह्या समजून घेऊन गोऱ्या वकिलांना त्या समजावण्याचं. त्या बॅरिस्टरचं नाव मोहनदास करमचंद गांधी. दावा चाळीस हजार पौंडांचा होता. गांधींनी जमाखर्च मुळापासून वाचला, आपला अशील जिंकणार अशी खात्री करून घेतली आणि तरीही दोन्ही बाजूंना लवादाकडे नेलं. निकाल दादा अब्दुल्लांच्या बाजूने लागला. एवढी रक्कम एकदम भरावी लागली तर समोरच्याचं दिवाळं निघेल, हे ओळखून गांधींनी आपल्याच अशिलाला हप्ते मान्य करायला लावले.

सौदीच्या कामगार कायद्यातही तडजोड ही पहिली पायरी आहे. कामगाराला थेट कोर्टात जाता येत नाही. आधी मंत्रालयाच्या समेट कार्यालयात अर्ज द्यावा लागतो. २१ कामकाजी दिवसांत समेट झाला नाही तर प्रकरण कामगार न्यायालयात जातं. पूर्वी हे वाद कामगार मंत्रालयाच्या समित्यांपुढे चालत, आणि जुने कामगार अजूनही त्या व्यवस्थेला ‘मक्तब अमल’, म्हणजे कामगार कार्यालय, म्हणतात. न्याय मंत्रालयाच्या अखत्यारीतली स्वतंत्र कामगार न्यायालयं २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. समेटाच्या टेबलावर कामगार एकटा असतो आणि समोर कंपनीचा मुदीर, म्हणजे व्यवस्थापक, असतो. आपले नेमके किती पैसे निघतात हे ठाऊक नसेल, तर तो पहिल्याच आकड्याला मान डोलावतो.

एकोणीस हजारांचा हिशेब

तो आकडा काढणं अवघड नाही. २००५ च्या कामगार कायद्याप्रमाणे सेवा संपल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्धा महिना आणि पुढच्या प्रत्येक वर्षासाठी पूर्ण महिन्याचा पगार मिळतो. समजा, महिना २,००० रियालवर बारा वर्षं काम केलेल्या फिटरला कंपनीने घरी पाठवलं. पहिल्या पाच वर्षांचे ५,००० आणि उरलेल्या सातांचे १४,००० मिळून १९,००० रियाल झाले. कामगाराने स्वतः राजीनामा दिला, तर सेवेच्या वर्षांवर बरंच अवलंबून राहतं: दोन ते पाच वर्षांना एक तृतीयांश, पाच ते दहा वर्षांना दोन तृतीयांश, आणि दहाच्या पुढे पूर्ण रक्कम. म्हणजे नऊ वर्षं झालेला माणूस रागाच्या भरात कागदावर सही करतो, तेव्हा त्या सहीची किंमत हजारो रियाल असते. त्या वेळी ‘थांब, वर्षभर कळ काढ’ असं सांगणारा वकील कोर्टात न जाताही आपलं काम चोख करतो.

हिशेबाच्या आधी एक प्रश्न असतो: इकाम्यावर, म्हणजे निवास परवान्यावर, मालक म्हणून नाव कोणाचं आहे? हेल्मेटवर एका बड्या कंपनीचं चिन्ह असतं, काम दुसऱ्या ठेकेदाराचं चालतं आणि कफील, म्हणजे कागदोपत्री मालक, मात्र तिसराच, मनुष्यबळ पुरवणारा असतो. दावा चुकीच्या नावावर केला की महिने वाया जातात. आणि महिने मोजकेच असतात, कारण नोकरीचा संबंध संपल्यापासून बारा महिन्यांनंतर कामगाराचा दावा सहसा दाखलच होत नाही.

मालकाने ‘हुरूब’, म्हणजे कामगार पळून गेल्याची नोंद केली की पगार मागायला निघालेला माणूसच कायद्याच्या कचाट्यात सापडतो. मार्च २०२१ पासून नोकरी बदलण्याचे आणि देशाबाहेर जाण्याचे नियम सैल झाले, पण घरकामगार आणि घरगुती ड्रायव्हर त्या सुधारणांच्या बाहेर राहिले. खफजीत एकाच गावचे दोन मित्र असतील, एक तेलाच्या ठेक्यावर आणि दुसरा एखाद्या घराची गाडी चालवणारा, तर दोघांचे हक्क वेगळे असतात. दोघांना एकच सल्ला देणारा वकील एकाचं तरी नुकसान करणारच.

फीच्या बाबतीत सौदी कायदा वकील आणि अशील यांच्या कराराला मान देतो. वाद झाला तर कोर्ट फी ठरवतं. वसूल होणाऱ्या रकमेच्या टक्केवारीवर फी घेण्याची पद्धत तिथे आहे. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनी अशा टक्केवारीला मनाई केली आहे. वरच्या १९,००० वर दहा टक्के म्हटलं तरी १,९०० रियाल होतात, म्हणजे त्या फिटरचा जवळजवळ महिन्याचा पगार. खिशात दमडी नसलेल्याला ही सोय वाटू शकते, पण टक्का आधी कागदावर लिहिलेला हवा. रियाधच्या भारतीय दूतावासाकडे २००९ पासून समाजकल्याण निधी आहे आणि त्यातून गरजूंना प्राथमिक कायदेशीर मदत मिळू शकते. खफजीहून रियाध लांब असलं, तरी ही वाट माहीत असावी.

दाराआडच्या अशील

अशिलापर्यंत पोचण्याचा प्रश्न बायकांच्या बाबतीत आणखी बिकट होतो. त्यावरचा एक जुना दाखला आपल्या मातीतला आहे. १८६६ मध्ये नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८९२ मध्ये ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा उतरल्या, पण बाई म्हणून पदवी मिळायला १९२२ साल उजाडलं. भारतात स्त्रियांना वकिलीची दारं १९२३ च्या कायद्याने सरसकट उघडली. दरम्यान १९०४ पासून त्या बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये पडदानशीन स्त्रियांच्या सल्लागार होत्या. ज्या बायका पुरुष वकिलासमोर येऊच शकत नव्हत्या, त्यांच्या मिळकतीचे प्रश्न त्यांच्याच माजघरात बसून सोराबजींनी ऐकले. सौदीत स्त्रियांना वकिलीचे पहिले परवाने २०१३ मध्ये मिळाले. त्या पहिल्या चौघींपैकी बयान अल-झहरान यांनी पुढच्याच वर्षी जेद्दात स्वतःचं कार्यालय काढलं. आज पतीच्या मृत्यूनंतर तिथे अडकलेल्या किंवा घरकामाला गेलेल्या भारतीय बाईला स्त्री वकील मिळू शकते, आणि पुरुषासमोर जे सांगता येत नाही ते तिला सांगता येतं.

मायदेशातला वकील

मराठी वकिलाचं काम मायदेशात असतं आणि ते कमी महत्त्वाचं नाही. कामगार तिथे वारला तर वारस दाखला, मृत्यूची कागदपत्रं आणि मुखत्यारपत्र हे सगळं इथून जावं लागतं. परदेशी कागदपत्रं ग्राह्य धरण्याची रीत सोपी करणाऱ्या अपोस्टिल करारात सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ मध्ये सामील झाला; भारत २००५ पासून आहेच. त्यामुळे कागद पक्का करण्याची साखळी आखूड झाली. तरी एका नावाचं स्पेलिंग पासपोर्टवर वेगळं आणि वारस दाखल्यावर वेगळं असलं, की भरपाई अडकते. ते स्पेलिंग कागद पाठवण्याआधी पडताळणारा तालुक्याच्या गावचा वकील कुटुंबाचे कित्येक महिने वाचवतो.

सौदीतली कोर्टाची बरीच कामं आता ‘नाजिझ’ या सरकारी मंचावरून होतात. कामगाराचा प्रवेश त्याच्या इकाम्याशी आणि तिथल्या मोबाइल नंबराशी जोडलेला असतो. अंतिम एक्झिट घेऊन तो घरी परतला की स्वतः पाठपुरावा करणं जिकिरीचं होतं. म्हणून विमानात बसण्याआधी मुखत्यारपत्र करून घ्या, हे सांगणं वकिलाचं कर्तव्यच आहे.

सौदी कायदा वकिलाला अशिलाचं गुपित वकीलपत्र संपल्यावरही जपायला सांगतो. आपल्याकडचे नियम सबळ कारणाशिवाय अशील नाकारू नये असं सांगतात. दोन्हीकडच्या पुस्तकांत निष्ठा अशी नीट लिहिलेली आहे. अरबी न वाचता येणाऱ्या माणसाने मात्र वकिलाची पारख चार प्रश्नांवर करावी. परवाना क्रमांक काय? फी किती आणि ती कशावर? दाव्याची शेवटची तारीख कोणती? माझ्याशी हिंदी-मराठीत कोण बोलणार? पाचवा प्रश्न वकिलाने स्वतःलाच विचारायचा: हा दावा हरणारा असेल तर मी ते आजच सांगणार की फी मिळाल्यावर? पदव्या, अनुभवाची वर्षं आणि मोठ्या अशिलांची नावं कार्यालयाच्या भिंतीवर टांगता येतात. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन हजार रियाल कमावणारा अशील समोर बसलेला असतानाच द्यावं लागतं, आणि वकिलाची लायकी त्यावरच ठरते.