मस्तगडच्या पत्त्यावर विजया

जालन्याचा मस्तगड 1725चा, आसफजाहच्या काळातला. नाव ऐकून बाहेरगावचा माणूस हसतो. त्याच पत्त्यावर गांजाच्या झाडाचं पार्सल येतंय म्हटलं तर जास्तच हसेल. पण समजा, गडाजवळच्या एका काकूंना गुडघेदुखीने रात्र रात्र झोप नाही आणि त्यांना ‘विजये’चं, म्हणजे आयुर्वेदात या झाडाला जे नाव आहे त्याचं, तेल हवंय. ते कायद्याने घरपोच येऊ शकतं.

1985च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. त्यांच्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. अख्खा धंदा या फटीत उभा आहे. पान मोकाट आहे असं मात्र नाही. महाराष्ट्रात या पानांच्या भांगेवर 1949च्या दारूबंदी कायद्याची नजर असते, आणि औषध नियमांच्या ‘ई-1’ अनुसूचीत ती विषारी द्रव्यांत मोडते. म्हणून बाटलीवर ‘वैद्यकीय देखरेखीखालीच घ्या’ हे छापावंच लागतं.

2013 मध्ये मुंबईत काही तरुण मित्रांनी बॉम्बे हेम्प कंपनी, म्हणजे ‘बोहेको’, काढली. सुरुवात धाग्या-कापडापासून, पुढे बियांचे पदार्थ आणि विजयेची औषधं. रतन टाटांनीही त्यात पैसे गुंतवले. झाडागणिक नशेचा अंश बदलतो, तेव्हा या बाटलीत आहे तेच पुढच्या बाटलीत असणं, हीच पहिली ग्राहकसेवा. त्यासाठी जम्मूच्या सरकारी औषध-संशोधन संस्थेशी कंपनीने हात मिळवला. माल दर वेळी सारखाच हवा, हे जालनेकरांना समजावून सांगायला नको. बद्रीनारायण बारवाल्यांनी 1964 मध्ये इथेच ‘महिको’ ही बियाण्यांची कंपनी उभी केली. पिशवीतलं बी पिशवीवर लिहिल्यासारखं उगवलं नाही, तर शेतकरी पुढच्या हंगामात दुकानाची पायरी चढत नाही.

कॅलिफोर्नियात गांजा घरपोच देणारा दारात ओळखपत्र बघतो, वय एकवीस आहे ना ते. इथली खरी तपासणी पार्सल निघण्याआधीच, वैद्यांच्या चिठ्ठीपाशी होते. एप्रिल 2020 मध्ये आयुर्वेदाच्या डॉक्टरांसाठी दूरवैद्यकाचे नियम आले, त्यामुळे काकूंना मुंबई गाठायची गरज नाही. कुरिअरवाल्याचं काम त्यामानाने सोपं.

अवघड काम कंपनीच्या फोनवर बसलेल्या माणसाचं. काकू विचारणार, ‘‘बाळा, याने नशा नाही ना चढणार?’’ त्याने ‘‘मुळीच नाही’’ म्हणून ऑर्डर पक्की करायची, की डोसवर अवलंबून असतं हे सांगून गिऱ्हाईक बिचकू द्यायचं? शिवाय रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, हे विचारायला हवं. वॉरफेरिनशी हे झाड जुळवून घेत नाही. काकू ‘हो’ म्हणाल्या, तर तेल आज पाठवायचं नाही.