क्रूसावरील पाटी आणि आपला ‘राजा’

देवळातील क्रूसाच्या माथ्यावर ‘आय एन आर आय’ अशी चार अक्षरे असतात. ‘येसुस नाझारेनुस रेक्स युदेओरुम’, म्हणजे ‘नाझरेथकर येशू, यहूद्यांचा राजा’, या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे होत. पिलाताची ही पाटी हिब्रू, लॅटिन व ग्रीक अशा तीन भाषांत होती, असे संत योहान सांगतो.

‘रेक्स’ कानाला परका वाटतो खरा. पण तो आपल्या ‘राजा’चा सख्खा भाऊ आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन एकाच उगमातून निघाल्या असाव्यात, असे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास प्रतिपादिले होते. ‘साल्वे रेजिना’ म्हणताना ‘राणी’ची बहीण तर आपल्या ओठी येतेच!

प्रजेचे रंजन करतो तो राजा, ही व्युत्पत्ती आपल्याकडे फार लाडकी. भाषाशास्त्र मात्र ती मानीत नाही. पुष्कळ पंडित हा शब्द ‘सरळ करणे’ अशा अर्थाच्या धातूकडे नेतात. ‘ऋजु’ त्याच धातूचा. लॅटिन ‘रेगुला’ म्हणजे सरळ पट्टी. तिच्यापासूनच इंग्रजीवाटे शाळेतील आखणीचा ‘रूळ’ आपल्याकडे आला. एमील बेनव्हेनिस्त या फ्रेंच पंडितांनी १९६९ साली असे मांडले, की मूळचा राजा हुकूम सोडणारा नव्हे, तर सीमा आणि योग्य मार्ग आखून देणारा होता. हे सर्वांस मान्य नाही, आम्हांस पटते.

ग्रीक ‘बासिलेउस’चे कूळ निराळे. गोव्याच्या ‘बॅसिलिके’त तो भेटतो. हिब्रू ‘मेलेख’ मात्र अरबी ‘मलिक’चा भाऊ, आणि त्याच धातूतून आपले ‘मुलूख’ व ‘मालक’ आले.

आदिलाबादेस या दोन्ही कुळांची गाठ पडली. १९४८ पर्यंत तेथे ज्या घराण्याची सत्ता होती, त्याच्या मूळपुरुषाची पदवीच ‘निजाम-उल-मुल्क’. त्यापूर्वी त्या रानांत गोंड राजे होते. गोंडी भाषा द्राविडी, तरी ‘राजगोंड’ या नावात आपला ‘राजा’ जाऊन बसला आहे. नाव राहिले, रान गेले! निजामी अमलात राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि कित्येक गोंडांची शेते व वस्त्या त्या रेघांच्या आत सापडल्या. त्याविरुद्ध जोडेघाटास कुमराम भीम उभे राहिले व १९४० साली मारले गेले. त्यांच्या पुण्यतिथीस गोंड बांधव अजूनही तेथे जमतात.